ताईचा हात

ताईला कंपनीच्या बोर्डावर घेतलं ते धाकट्या भावानंच. ती शाळेत गणित शिकवणारी. कंपनीबिंपनीशी तिचा काय संबंध?

"बाकीचे पैसा लावणारे. मला तोंडावर 'नाही' म्हणणारं घरचं माणूस पाहिजे," तो म्हणाला.

"ते तर तू रांगत होतास तेव्हापासून फुकट करतेय," ताई हसली होती.

कंपनी कसली, तर एका हातमोज्याची. अर्धांगवायूनं बाबांची वाचा गेली, उजवा हात लुळा पडला, तेव्हा धाकट्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बारीक मोटरी आणि तारा जोडून तो बनवला. मोजा चढवला की बोटं उघडायची, हात उचलला जायचा. बाबांनी पहिल्यांदा स्वतःचा चष्मा सरळ केला, त्या दिवशी धाकटा न्हाणीघरात नळ सोडून रडला. ताईनं बाहेरून सगळं ऐकलं.

पुढे गुंतवणूकदार आले, बोर्ड बसलं. धाकटा मात्र कायम घोड्यावर. चाचण्या पुऱ्या व्हायच्या आधीच त्यानं नवे मोजे रुग्णांना देऊन टाकले आणि एका आजींचं बोट मोडलं. बोर्डानं बजावलं, यानं मान डोलावली, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. हेतू सोन्यासारखा होता, पण हेतूनं मोडलेलं बोट जुळत नाही.

शेवटी त्याला प्रमुखपदावरून काढायचा ठराव आला. ठराव ज्याच्याबद्दल, त्यानं खोलीबाहेर थांबायचं, असा नियम. काचेपलीकडच्या खुर्चीत तो अगदी निर्धास्त बसला होता. ताई होती ना आत! दोन हात वर गेले, दोन टेबलावरच राहिले. उरली ताई.

आपलेच दात, आपलेच ओठ. तिनं काचेतून पाहिलं तर त्यानं भुवया उडवल्या, लहानपणी खोडी काढून उडवायचा तशा. पण आजींचं ते बोट काही डोळ्यांपुढून हलेना. तिनं हात वर केला.

"तूच म्हणाला होतास ना, नाही म्हणणारं कुणी हवं?" बाहेर येऊन ती कशीबशी बोलली.

"मला नाही म्हणायचं होतंस, ताई. त्यांना हो नव्हतं म्हणायचं."

आजींचं बोट मोडलं तेव्हासुद्धा त्याचा उतरलेला चेहरा बघून तिनं 'होतं रे असं' म्हणून त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. त्याला नाही म्हणणं तिला कधी जमलंच नव्हतं.

नव्या प्रमुख बाई सावध निघाल्या. कंपनी नावारूपाला आली, पुन्हा कुणाला इजा झाली नाही. ताईचं मत बरोबरच होतं, आणि त्याचा तिला काडीचाही आनंद नाही. धाकटा दूर निघून गेला. तिचा फोन तो उचलत नाही.

बाबांना कुणी काही सांगितलेलं नाही. संध्याकाळी ताई त्यांना मोजा चढवते. हात थरथरत वर येतो, एक बोट उघडतं आणि दाराकडे रोखलं जातं. मग ते तिच्याकडे बघत राहतात.

"येईल हं, बाबा," ती म्हणते.

हल्ली ती मोजा लवकर काढून ठेवते.