ओवीचा बिनदुधाचा वाढदिवस

मुलाला एखादी अॅलर्जी असली की घरात औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. आमच्या ओवीला दूध चालत नाही. दही, तूप, खवा, काहीच नाही. जरासं पोटात गेलं तरी ओठ सुजतात आणि आम्ही थेट दवाखान्यात! पाचव्या वाढदिवसाआधी ती म्हणाली, "आई, या वेळी सगळे खातील तेच मी खाणार." झालं! माझ्या जिवाला घोर.

*

बेकरीत विचारलं, "बिनदुधाचा केक मिळेल?"

"मिळेल ना मॅडम! एकदम एगलेस!"

"अहो, अंडं चालतं. दूध नको."

"टेन्शनच नका घेऊ. अंड्याच्या बदली आम्ही कंडेन्स्ड मिल्क टाकतो!"

*

शेजारच्या काकू शिरा घेऊन आल्या. "खास पोरीसाठी केला वं. दुधाचा थेंब नाही!"

"आणि तूप?"

"आता तूप बी नको? मग तो शिरा काहून म्हणायचा?"

*

शेवटी मलेशियात पेनांगला राहणाऱ्या नणंदेनं व्हिडिओ कॉलवर न्योन्या मिठाई दाखवली. तिकडच्या जुन्या चिनी-मलय घरांतला प्रकार. तांदळाचं आणि टॅपिओकाचं, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं पीठ, साखर, नारळाचं दूध. एक थर ओतायचा, वाफवायचा, मग त्यावर दुसरा. गुलाबी, पांढरा, असे नऊ!

"वहिनी, हे मुळातच व्हीगन आहे."

मी चार वर्षं दुधाऐवजी बदाम भिजवून वाटत बसले, आणि तिकडच्या आज्या हे कधीपासून वाफवतायत!

*

सासूबाई नागपूरजवळच्या कुहीच्या. पीठ त्यांच्या माहेरच्या तांदळाचं. पण नारळाचं दूध पाहून म्हणाल्या, "म्हशीचं चालत नाही अन् हे चालते? कायचा डॉक्टर आहे तुमचा!"

*

पहिला घाणा ताटलीलाच चिकटला. चाकूनं खरवडून काढला. नवरा निरखून म्हणाला, "नऊ थर? मले तर एकच दिसून राहिला."

*

वाढदिवसाच्या सकाळी मी घरात जाहीर केलं, "आज कोणी तुपाला हात लावायचा नाही!"

वाफेला पाणी ठेवलं. या वेळी चिकटू नये म्हणून ताटलीला बोट फिरवलं आणि गुलाबी पीठ ओतणार, तोच सासूबाईंनी माझं मनगट धरलं. बोट नाकाशी नेलं.

"तूप!"

पोळ्यांसाठीची वाटी माझ्याच हाताशी होती. ओवी दारातून बघत होती.

त्यांनी ताटली साबणानं दोनदा घासली, पुसली, मला हात धुवायला लावले आणि तेलाची बाटली माझ्यापुढे ठेवली.

संध्याकाळी सगळ्या पोरांनी हात मारला. ओवीनं तुकडा उचलला आणि मी "खा" म्हणायच्या आतच वळून विचारलं, "आजी, खाऊ?"

"खा वं माय," सासूबाई म्हणाल्या, "मी होती तिथं उभी."