तिसऱ्यांदा विचारल्यावर

अर्लिसकाकूंचे यजमान वर्लिन तिसऱ्या हार्ट अ‍ॅटॅकने गेले. आधी दोनदा देवाने बोलावलं तेव्हा 'नको, उगाच कशाला त्रास' असं ते म्हणाले असणार, अशी माझी दाट शंका आहे. पश्चिम मिनेसोटातल्या आमच्या गावची पद्धतच ती. कॉफी विचारली की नको म्हणायचं. पुन्हा विचारली की खरंच नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारली की 'बरं, अर्धा कप' म्हणून तीन कप प्यायची. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा हावरट आणि तिसऱ्यांदाही नाही म्हणणारा माजोरडा. इथल्या पहिल्या हिवाळ्यात मला खरोखरच नको असायचं म्हणून मी नको म्हणत राहिलो. गाव त्यावर काय बोललं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. तीही पद्धतच.

मी हॉस्पिटलातले कॉम्प्युटर सांभाळतो आणि काकूंच्या तळघरात भाड्याने राहतो. थंडी सुरू झाली की डोक्यावर लाटण्याची धडधड सुरू होते. काकू लेफ्सा करतात. लेफ्सा म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, लांब चपट्या काठीने उलटायची. गाव सोडून ऊन खायला ॲरिझोनाला गेलेले सगळे म्हातारे नाताळ आला की या पोळीसाठी व्याकूळ होतात. ते ऑनलाइन ऑर्डर देतात आणि पैसे काकूंच्या 'पेलूप' खात्यात येतात.

भानगड या खात्याची. वसंतात 'तुमचं खातं आज बंद होणार' असा मेल आला आणि काकूंनी घाबरून कुठल्याशा नकली पानावर पासवर्ड टाकला. मुलगी जॅनेल त्या दिवशी मिनियापोलिसहून आलेली होती म्हणून वाचल्या. तिने तिथल्या तिथे पासवर्ड बदलला आणि निकाल सुनावला.

"आई, आणखी एकदा असं झालं तर खातं माझ्याकडे. ऑर्डरी मी बघणार."

काकूंनी तिच्यासमोर मान डोलावली. ती गेल्यावर माझ्याकडे वळल्या. "ऑर्डरी जॅनेल बघणार म्हणजे दुकान बंद. तिला लेफ्साची काठी आणि पडद्याची काठी यातला फरक कळत नाही. मग हिवाळाभर मी काय करू? खिडकीतून बर्फ बघू? बर्फ मी पाहिलाय."

म्हणून मी त्यांची शिकवणी घेतली. पाठवणाऱ्याचं नुसतं नाव बघू नका, पूर्ण पत्ता बघा. तुमचं नाव न घेता 'प्रिय ग्राहक' म्हणतोय का ते बघा. घाई करतोय का ते बघा. आणि मजकूर कितीही खरा वाटो, मेलमधली लिंक दाबायची नाही, आपण स्वतः पेलूपचं ॲप उघडून खात्री करायची. मी चित्रंसुद्धा काढून दाखवली. काकू विणत होत्या.

गंमत म्हणजे गुण आला. धमकीचे मेल त्या बघताक्षणी उडवू लागल्या. "'त्वरित कारवाई करा'? मला म्हणतोय? कोणाचा मुलगा आहे हा?" मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. शिकवणीचा यात काही संबंध नव्हता, हे मला थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात कळलं.

त्यांचं भांडं परत द्यायला वर गेलो तर काकू टेबलाशी बसलेल्या. पडद्यावर पेलूपचं निळं पान, खाली पासवर्डची रिकामी चौकट.

"काकू! हात वर!"

"वरच आहे. ओरडू नकोस."

"लिंक दाबलीत?"

"दाबली. तिसऱ्यांदा विचारलं रे त्याने. नाही कसं म्हणू?"

तेव्हा कुठे उलगडा झाला. 'प्रिय ग्राहक, आमच्याकडून चुकून जास्त शुल्क कापलं गेलं. चारशे ऐंशी डॉलर तुमचेच आहेत. कृपया स्वीकारा.' असा गोड मेल आला होता. काकूंनी उत्तर पाठवलं, 'आभारी आहे, राहू द्या. तुम्हालाही खर्च असतील.' मेल पुन्हा आला. 'खरंच नको,' काकूंनी लिहिलं, 'थंडी वाढलीय, सांभाळून राहा.' मग तिसरा आला. चोराला काही माहीत नसताना त्याने आमच्या गावची किल्ली बरोबर फिरवली होती.

"काकू, हा पत्ता बघा! पेलूपचा नाहीच. कुठल्यातरी बागेतल्या खुर्च्या विकणाऱ्या दुकानाचा आहे."

"हो का? ते मी बघितलंच नाही."

"मग पासवर्ड टाकायच्या का थांबलात?"

"मला दुसरंच खटकलं. तिन्ही मेल वाच."

वाचले. शब्द न शब्द सारखे.

"मी तुला कॉफी कशी विचारते? आधी म्हणते, घेणार का? मग म्हणते, अगदी थोडी? मग म्हणते, अरे केलीच आहे, नाहीतर ओतून द्यावी लागेल. माणूस आपलं नको ऐकतो आणि मग आग्रह करतो. मी याला थंडीत सांभाळून राहा म्हटलं. आणि हा? चारशे ऐंशी डॉलर तुमचेच आहेत! हा कसला आग्रह? हा भोंगा आहे."

"काही चोर उत्तरंसुद्धा गोड देतात, काकू."

"त्यांच्यासाठी तुझं ते ॲप आहे की."

ॲप उघडलं. कसलेही पैसे परत यायचे नव्हते. खऱ्या पेलूपला कळवलं आणि नकली पान बंद केलं. मी म्हटलं, जॅनेलला सांगायची गरज नाही, पासवर्ड तर गेलाच नाही. काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चर्चमध्ये शिंकलो असतो तर बरं झालं असतं.

थँक्सगिव्हिंगला टर्की कापून झाली आणि काकू म्हणाल्या, "जॅनेल, मी पुन्हा लिंक दाबली."

जॅनेलचा काटा ताटात पडला. "आई! आपलं ठरलं होतं!"

"ठरलं होतं. म्हणून तूच ठेव आता पासवर्ड. सांगते, घे."

जॅनेलने फोन बाहेर काढलेला होता. पण वाढली शेवटी याच घरात. "नको... म्हणजे असं लगेच नको गं."

"अगं घे. तुझ्याकडे असलेला बरा."

"नको आई, खरंच. जेवताना कशाला?"

एवढं बोलून जॅनेल थांबली. फोन हातात, अंगठा तयार. मीही चावायचा थांबलो. काकूंनी शांतपणे लोण्याची वाटी सरळ केली, लेफ्साचं ताट उचललं आणि माझ्याकडे वळल्या.

"तू घेणार अजून एक?"

"नको, काकू."

"अर्धी?"

"खरंच नको."

"घे रे, उद्या वातड होतील."

घेतली. जॅनेल बराच वेळ वाट बघत होती. मग तिने फोन पर्समध्ये ठेवला आणि लोणी मागितलं.