माइकवर घेतलेलं नाव

आमच्याकडे लग्नात आंदण कुणी काय दिलं, ते माइकवरून सांगायची पद्धत आहे. नणंदेच्या लग्नात आलमारी, दिवाण आणि कूलर मांडवात मांडले होते. "वधूच्या भावाकडून," निवेदक ओरडला, आणि माझ्या नवऱ्याने चारचौघांत ऐटीत हात जोडले. पैसे मी काढले होते. शाळेच्या नोकरीवर, पतसंस्थेतून, माझ्या सहीने. त्याला कर्ज द्यायला कुणी तयारच नव्हतं.

पुढे आमचं पटेना. लेकीला घेऊन मी भंडाऱ्यात खोली केली. कारध्याला सासरी बैठक बसली. कुकर कुणाचा आणि मिक्सर कुणाचा, यातच दुपार गेली. शेवटी मीच कर्जाचा विषय काढला.

"सूनबाई, कर्ज तुह्या नावावर आहे, तं तुलेच भरा लागन," चुलतसासरे म्हणाले.

"मंग आंदण कोणाच्या नावावर होतं, मामाजी?"

मामाजींनी पुन्हा मिक्सरचा विषय काढला. माइकवरचं तर प्रत्येकाने ऐकलं होतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. "ठीक आहे. आलमारी माही आहे. उद्या गाडी धाडते अड्याळले," मी म्हणाले. अड्याळ म्हणजे नणंदेचं सासर.

तेव्हा कुठे नवऱ्याने तोंड उघडलं. अर्धी किस्त तो भरणार होता. चहा झाला, मिटलं म्हणून लोक उठले.

त्याने एकही किस्त भरली नाही. फोन केला की पुढच्या महिन्याचा वायदा. माझ्या पगारातून मात्र पैसे न चुकता कापून जायचे. लेकीच्या ट्यूशनला मी नाही म्हणत होते, आणि ओळखीच्या बाया मलाच शिकवत होत्या, खर्चाला जरा आवर घाल म्हणून. कसला खर्च? माझ्या पैशाचा कूलर अड्याळला गार हवा देत होता, आणि मे महिन्यात मी खिडकीला ओली चादर बांधत होते.

एका रविवारी दारात मालवाहू ऑटो थांबला. मागे आलमारी, आणि ती पडू नये म्हणून तिला धरून बसलेली नणंद.

"वयनी, दादा काही देणार नाही. हे तुमचं आहे, ठेवा."

"तुह्या सासूले काय सांगितलं?"

"खरं तेच सांगितलं."

घरी गेल्यावर तिला काय काय ऐकावं लागणार, ते मला दिसत होतं. चूक या पोरीची नव्हती. लाज ज्याला वाटायला हवी होती तो नदीच्या पुलापलीकडे, कारध्याला, आपल्या दुकानात खुशाल बसला होता.

मी तिला जेवायला घातलं. आलमारी उतरवू दिली नाही. ऑटो तसाच परत अड्याळला पाठवला. येतानाचं भाडं तिने दिलं होतं, जातानाचं मी दिलं. माइकवर ज्याचं नाव घेतलं होतं, त्याच्या खिशातून तेव्हाही काही गेलं नव्हतं आणि आताही गेलं नाही.