पाणी सोडणार नाहीत, असं मी म्हणाले

हे आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीही नाही. तुमच्यापाशी का बोलतेय — ते मलाही नीट कळत नाही.

जुन्नरला आमच्या शेजारी शबाना राहते. कपडे शिवते. घोड नदीत कयाक चालवायला जायचं, हे गेल्या वर्षी तिनंच काढलं. उन्हाळ्यात धरणातून पाणी सोडलं की शिनोलीच्या बाजूला नदी खळाळते — भीती वाटेल एवढी नाही, अंग भिजेल एवढी. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. तिच्या मशीनशेजारी बसून आम्ही दोघींनी सगळं ठरवलं. तिच्या सासूला तयार करता करता ती थकली, पण तयार केलं. योगाच्या क्लासातल्या तिघींना मी विचारलं. शबानानं सगळ्यांना लवकर वाळणाऱ्या कापडाच्या ट्रॅकपँट शिवल्या.

मग त्या तिघींतली एक म्हणाली, "ती कशाला? तिच्या डब्यातलं आमाला चालायचं न्हाई."

आणि मी? — "बघते," म्हणाले.

काय बघितलं? शबानाकडे गेले आणि सांगितलं, "या वेळी पाणी सोडणार नाहीत. रद्द झालं."

आम्ही चौघी गेलो. तिनं शिवलेल्या ट्रॅकपँट घालून. पहिल्याच उताराला कयाक गर्रकन फिरली, मी किंचाळले, हसले. तिची आठवण आली का? — आली. पण वाटलं काहीच नाही. दुपारी डबे चवीनं खाल्ले.

दुसऱ्या दिवशी शबाना दारात.

"तोंड लई रापलंय गं तुजं?"

"माहेरी गेले होते. पिंपरी पेंढारला. कांदा काढणी चाललीय."

ती पायरीवर टेकली. "बरंच झालं रद्द झालं. मला पवता कुटं येतंय? मनातनं भ्यालेच व्हते मी. तू नको वाईट वाटून घेऊ."

ती माझीच समजूत काढत होती. तेव्हा सांगता आलं असतं — नाही का? मी तोंड उघडलंसुद्धा. "चहा टाकू?" एवढंच आलं.

यंदाही पाणी सुटलं. ब्लाउजचं माप द्यायला गेले तेव्हा तिनं विचारलं, "औंदा सोडत्यात का गं?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं," म्हणून तिनं टेप उचलली. मी हात वर करून उभी राहिले.