गव्हाचा उपवास

आमच्या सेक्टरमधल्या वाण्याची ठाम समजूत होती, की विजूताईइतकी देवभोळी बाई अख्ख्या खारघरमध्ये सापडायची नाही. राजगिऱ्याचं पीठ, शिंगाड्याचं पीठ, वरीचे तांदूळ, ही तिची बाराही महिन्यांची खरेदी. एकादशी असो नसो, चतुर्थी असो नसो. शेवटी एकदा त्याला राहवेना. "ताई, तुमचा उपवास नेमका कुठल्या देवाचा?" विजूताईने पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाली, "देवाचा नाही रे बाबा, गव्हाचा." त्याने हातच जोडले. काहीतरी फार कडक व्रत असणार, असं त्याला वाटलं असावं.

मी मागेच उभी होते आणि मला हसू आवरत नव्हतं. कारण विजूताई मूळची मंडणगडकडची, बौद्ध घरातली. उपवास नावाचा प्रकार तिच्या सात पिढ्यांत कोणी केला असेल तर नाइलाजाने. "मी तर भूक लागायच्या आधीच जेवते," असं ती अभिमानाने सांगायची. तिला सीलिअॅक होता. म्हणजे गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की आतडी रुसून बसतात आणि खाल्लेलं अंगाला लागत नाही. हे तिला कळलं चाळिशी उलटल्यावर. तोवर माहेरचे, शेजारचे, ऑफिसातले, सगळे एकच म्हणायचे, विजूचं पोट नाजूक.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहायची आणि पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेबखात्यात काम करायची. मला जेमतेम खांद्याला लागायची. पण हे तुम्हाला तिच्या घरात ती अनवाणी दिसली तरच कळलं असतं. बाहेर पडली की उंच टाचा! लाल, काळ्या, चॉकलेटी, एक तर चक्क मोरपंखी. जिन्यात टक टक टक सुरू झालं की आमची कुकर लावायची वेळ झालेली असायची. खालच्या मजल्यावरून सोसायटीकडे तक्रार गेली तेव्हा सेक्रेटरी समजूत घालायला वर आले. विजूताईने त्यांना चहा दिला, नानकटाई दिली आणि सांगितलं, "साहेब, माझी उंची गव्हाने खाल्ली. ती मी बाजारातून परत आणते, ते पण सेलमध्ये. आवाज फुकट येतो त्याच्याबरोबर." सेक्रेटरींनी दुसरी नानकटाई मागून घेतली.

पहिले काही दिवस मी तिला "अहो विजूताई" म्हणत होते. तिनेच ते बंद करायला लावलं. "अहो म्हटलंस की मला वाटतं मी ऑफिसात आहे."

तिच्याबरोबर चपला-बूट घ्यायला जाणं म्हणजे शिकवणीच. वाशीच्या दुकानात शिरली की आत बघायचीच नाही, काचेकडे बघायची. काचेत मांडायला दुकानदार लहान मापाची जोडी ठेवतात, ती दिसते छान. आणि विजूताईचा पाय तेवढाच होता. "माझा पाय काचेतला आहे," ती म्हणायची. सीझन संपला की ती नेमकी हजर. दुकानदार म्हणायचा, "मॅडम, तो डिस्प्ले पीस आहे, नवीन काढून देतो." "नवीन नको. हाच द्या आणि भाव जरा उन्हात ठेवल्यासारखा लावा, डाव्या बुटाचा रंग बघा किती उडालाय." तो हसला की सौदा झाला. मी सकाळी जाऊया म्हटलं तर ऐकायची नाही. "सकाळचा पाय खोटं बोलतो. संध्याकाळी राबून सुजलेला असतो, तेव्हा खरं माप सांगतो." भाव विचारायच्या आधी बूट हातात घेऊन वाकवायची. बोटांपाशी वाकला तर पास, मधेच मोडला तर ठेव परत. माझ्या पायातले बूट मी आजही असेच घेते आणि मला अजून कोणी फसवू शकलेलं नाही.

एकदा मी तिला विचारलं, एवढा खटाटोप कशाला, साध्या सपाट चपला काय वाईट? ती म्हणाली, "मेघा, माझी आजी गावात वरच्या आळीतून जाताना चपला हातात घ्यायची. पायात ठेवायची सोय नव्हती. मी चालले की वाजलं पाहिजे." आणि लगेच पुढच्या दुकानात शिरली.

आता माझ्या लेकीचं, सईचं सांगते. सई सहा वर्षांची झाली तरी चार वर्षांची दिसायची. हातपाय काड्या, पोट पुढे आलेलं. किती डॉक्टर, किती टॉनिकं झाली, आणि मग एकाने तपासणी करून सांगितलं की सीलिअॅक आहे, गहू बंद, कायमचा. पोळी, बिस्किट, शेवया, पाव, शिरा, सगळं बंद. मला वाटलं, चला, रोग सापडला, आता सोपं आहे. कसलं सोपं! लग्नाला जा, वाढदिवसाला जा, जो तो पोरीच्या तोंडाशी घास नेणार. "एवढंसं खाल्लं तर काय होतंय?" हे वाक्य मी इतकं ऐकलं की कोणी ते अर्धं बोलला तरी माझं डोकं फिरायचं. आणि घरात तर सासूबाई होत्याच. साताऱ्याकडच्या, प्रेमळ, पण हट्टी. "आगं, गहू खाऊन कुणी आजारी पडतंय व्हय? मी वाढवली न्हवं का पाच पोरं?" माझी पाठ वळली की सईच्या हातात तूप-साखरेची पोळी. सईचं वजन जागचं हलेना. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर वाढीची वर्षं निघून जातील.

त्या दिवशी मी सासूबाईंशी कडाक्याचं भांडले आणि जिन्यात येऊन रडत बसले. टक टक टक वर आली. विजूताईने सगळं ऐकून घेतलं. मग घरातून डबा आणला, ज्वारी आणि राजगिऱ्याच्या नानकटाया. एक माझ्या कानाजवळ धरून मोडली. "ऐकलंस? मोडताना वाजली पाहिजे. गव्हाची नाही म्हणून मऊ पडायचं, हे आपल्याला नाही चालत." सईला बोलावून तिच्या ओंजळीत दोन ठेवल्या. पोरीने कित्येक दिवसांत बिस्किट चाखलं नव्हतं. खाताना ती आमच्याकडे संशयाने बघत होती, कोणी आता हिसकावून घेईल म्हणून.

मग विजूताईने तिला गुडघ्यापाशी उभं केलं. "आजार आहे असं सांगायचंच नाही. आजार म्हटलं की लोक म्हणतात, थोडं खा. उपवास म्हटलं की कुणी आग्रह करतं का? कोणाची हिंमत नाही. तू म्हणायचं, माझा गव्हाचा उपवास आहे."

काय सांगू, जादू झाली! शाळेत, लग्नात, हळदीकुंकवाला, पोरीने तोंड वर करून "माझा उपवास आहे" म्हटलं की ताट मागे. सासूबाई तर एकदम पालटल्या. आजारावर त्यांचा विश्वास नव्हता, उपवासावर होता. त्यांनीच सईसाठी वेगळा तवा काढला, वेगळं लाटणं काढलं, कणकेचा हात धुतल्याशिवाय तिच्या भाकरीला लावेनात. भजनाच्या बायकांना कौतुकाने सांगू लागल्या, "एवढीशी पोर, पर उपास मोडत न्हाई."

विजूताईने ती वेगळी मांडलेली भांडी बघितली. नंतर मला म्हणाली, "वेगळी भांडी हा शब्द मला लहानपणापासून आवडत नाही. आमच्यासाठी कोपऱ्यात कप असायचा लोकांकडे. आता बघ, मीच सगळ्यांना सांगत फिरते, वेगळं ठेवा, वेगळं ठेवा." आणि हसली. मी मान खाली घातली, कारण सासूबाई तिच्या हातचं अजून खात नव्हत्या. त्यावर कोणी काही बोलायचं नाही. डबा आला की "माझं दात दुखत्यात" म्हणून त्या बाजूला ठेवायच्या, आणि विजूताई दर वेळी त्यांच्या नावाची वेगळी पुडी बांधून आणायचीच.

आमच्या दोघींचं बेकिंग मात्र जोरात चाललं होतं. पहिला तांदळाचा केक असा झाला की सुरी वाकली. दुसरा ताटात काढला तर वाळूसारखा सांडला. गव्हाचा चिकटपणा आणायचा कुठून? विजूताईने शोधून काढलं, इसबगोल! केमिस्टकडून ती एवढे डबे आणायची की त्याने एकदा हळूच, "ताई, डॉक्टरांना दाखवा ना," असं सुचवलं. गिरणीवाल्याला ती तांदळाचा डबा देऊन सांगायची, "उपवासाचं आहे, आधी गिरणी धुऊन काढ." तो म्हणायचा, "तांदूळ उपवासाला कधीपासून चालायला लागला?" "माझ्या पोटातल्या देवाला चालतो."

सईचा सातवा वाढदिवस आला. संध्याकाळी विजूताई राजगिऱ्याचा चॉकलेट केक आणणार होती. मी ऑफिसातून लवकर आले, तर घरात वेलचीचा वास. सासूबाईंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. देवाला नैवेद्य दाखवला होता, सईला पाटावर बसवून औक्षण केलं होतं, आणि पोर तुपात बुडवलेली दुसरी पोळी संपवत होती. "एवढे दिवस धरला उपास तिनं," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "आज वाढदिवस. म्हटलं, आज गोडाधोडानं सोडावा."

उपवास म्हटला की तो सुटतो, हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

विजूताई केक घेऊन आली तेव्हा सई पोट धरून कळवळत होती, उलट्या थांबत नव्हत्या. सासूबाई देव्हाऱ्यापाशी बसून रडत होत्या. मी काही बोलणार, तेवढ्यात विजूताईने मला हातानेच थांबवलं आणि ती सासूबाईंच्या पुढ्यात जमिनीवर बसली. "काकू, तुमचं काही चुकलं नाही. उपवास हा शब्द मी दिला, आणि अर्धाच दिला."

"मग सुटायचा कधी ह्यो उपास?"

"नाही सुटायचा, काकू. जन्माचा आहे."

"एवढ्याशा पोरीला जन्माचा?" म्हणत सासूबाई डोळे पुसून उठल्या. उरलेल्या पोळ्या त्यांनी डब्यात भरून खाली वॉचमनच्या घरी पाठवल्या, कणकेचा डबा रिकामा करून घासायला टाकला. "एकटीनं जन्माचा उपास धरत न्हाईत. मी बी धरती. आमी लहानपणी ज्वारीवरच वाढलो, गहू सणालाच." आणि परत बसून विजूताईला म्हणाल्या, "आता तो तुझा केक आण हिकडं. मला उपासाचं काय तरी लागंल का न्हाई?"

विजूताईने केक कापला. सासूबाईंनी तिच्या हातून तुकडा घेतला, खाल्ला आणि म्हणाल्या, "साखर जरा कमी घालत जा." यापेक्षा मोठं सर्टिफिकेट आमच्या घरात कोणाला मिळालेलं नाही, मला तर नाहीच.

त्यानंतर घरात गहू आला नाही आणि सई वाढू लागली. सगळ्यांत आधी कळायचं ते पायांवरून. "मावशी, बूट चावतोय," असं ती म्हणाली की विजूताई टाळीच वाजवायची. इतर घरांत बूट लवकर आखूड झाला की आईबाप कुरकुरतात. आमच्याकडे त्या दिवशी केक व्हायचा. बूट वाशीहून विजूताईच आणायची, संध्याकाळचं माप घेऊन, वाकवून बघून. तिच्या कपाटात एक लाल जोडी होती, तिची सगळ्यांत आवडती, डावा बूट उन्हाने किंचित फिका पडलेला. ती सईला दाखवून म्हणायची, "तुझा पाय माझ्याएवढा झाला ना, की ही तुझी."

विजूताई रिटायर झाली आणि उरणला बहिणीकडे जायचं ठरलं. बहिणीच्या घराखाली एक गाळा होता, तिथे तिला भट्टी लावायची होती. "सगळा माल उपवासाचा," ती म्हणायची, "आणि पाटी लावणार, हा उपवास सोडू नये."

टेम्पो खाली उभा होता. सामान खाली नेऊन झालं. विजूताईने सईला रिकाम्या घरात एका खोक्यावर बसवलं आणि लाल जोडी तिच्या पायांशी ठेवली. सई आता तिच्यापेक्षा वीतभर उंच. तिने बोटं आत सरकवली. टाच बाहेरच राहिली. तिने ओढून बघितलं, तोंड कसनुसं झालं. "होईल, मावशी. जरा जोर लावला की होईल."

"ओढू नको गं." विजूताई खाली बसली. बुटाबाहेर राहिलेली ती टाच तिने तळहातावर घेतली आणि नुसती बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. डोळ्यांतून धारा, आणि हसतेय. "मेघा, बघितलंस? नाही होत हिला. खरं सांगू? एवढी वर्षं मला धाकधूक होती, ही जोडी हिला बरोब्बर बसेल."

मी तिला मिठी मारली आणि दोघी रडलो. मनसोक्त रडलो, लाज कसली?

मग तिने डोळे पुसले आणि ती लाल जोडी स्वतःच्या पायात चढवली. सासूबाई दारात काठी टेकून उभ्या होत्या. "येते, काकू." लिफ्ट चालू होती, तरी विजूताई जिन्याकडे वळली. मी म्हटलं, "अगं, हळू जा, टाचा आहेत."

"हळू कशाला?" सासूबाई माझ्यावरच खेकसल्या. "वाजवत जा गं, विजू."

ती वाजवत गेली. सई अनवाणीच कठड्याशी उभी होती. खाली टेम्पोचं दार लागेपर्यंत आम्ही तिघी तिथून हललो नाही.