पेजेचे डॉलर

ताईची शोकसभा वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये झाली. ती निवृत्त शिक्षिका, वाचनालयाची जुनी सभासद. मी तिची धाकटी बहीण. आम्हा दोघींचीही लग्नं झाली नाहीत, एका घरात राहिलो, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांना माझं सांत्वन नेमकं कसं करावं हे समजत नसे. सभेत मात्र सगळे नीट बोलले. शेवटी चिटणीस उठले. माणूस सरळ आहे, वाचनालयासाठी झिजलेला आहे, हे मी आजही म्हणते.

"आता बाई नाहीत, तेव्हा सांगायला हरकत नाही," ते म्हणाले. बालविभागात नवं कपाट आलं होतं आणि त्यावर फक्त 'गुप्तदान' असं रंगवलं होतं. ते दान ताईचं होतं. पुरावा म्हणून त्यांनी प्रोजेक्टरनं त्या व्यवहाराची नोंद भिंतीवर दाखवली. पैसे कुठल्या खात्यातून आले, कुठल्या खात्यात गेले, किती, आणि खाली ताईनं टाकलेली ओळ: 'कपाटासाठी. नाव नको.' हॉलभर हळहळ पसरली. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी मोबाइल उंच धरून भिंतीचा फोटो घेतला.

आपल्याकडे गुप्तदान करणारा गेला की त्याचं नाव सांगणं हा त्याचा सन्मान समजतात. चिटणिसांनी तेवढंच केलं. ताईच्या खात्याचं नावही भिंतीवर होतं, याचा त्यांनी विचार केला नाही.

त्या खात्यावर ताई कितीतरी वर्षं लिहीत होती. ब्लॉकचेनवर चालणारं ते एक समाजमाध्यम. तिथे लोक लेख टाकतात, वाचणारे पसंती देतात, आणि पसंतीतून त्या माध्यमाचं स्वतःचं नाणं लेखकाच्या खात्यात जमा होतं. प्रत्येक लेखाखाली त्याची कमाई डॉलरच्या चिन्हासह दिसते. कोणाच्या खात्यात किती शिल्लक आहे, कोणी कोणाला काय पाठवलं, तेही कोणालाही पाहता येतं. ताईला हेच आवडलं होतं. तरुणपणी तिनं दिवाळी अंकांतून लिहिलं होतं. मानधनाचं विचारलं की संपादक गोड हसत. कोणाला किती दिलं हे कधी कळत नसे, आणि आपल्याला काहीच दिलं नाही हे तिला एकटीला कळत असे.

"इथे कोणाला लपवाछपवी करताच येत नाही," ती मला म्हणाली होती.

"आणि तू?"

"मी टोपणनाव घेतलंय. हिशोब उघडा आणि माणूस झाकलेलं. आणखी काय पाहिजे?"

टोपणनाव एका पक्ष्याचं होतं. त्या पक्ष्याचा आमच्या रत्नागिरीशी काही संबंध आहे हे कुठेही दिसत नव्हतं. पुढे वाचनालयानं त्याच माध्यमावर खातं उघडलं, आखातात नोकरीला गेलेल्या जुन्या वाचकांना तिथून मदत पाठवता यावी म्हणून. तिनं त्यात कपाटाचे पैसे टाकले. कोणाचे म्हणून चिटणीस फार विचारू लागले तेव्हा त्यांना एकट्याला सांगितलं आणि वचन घेतलं. ते वचन त्यांनी ती असेपर्यंत पाळलं.

सभेनंतर लोकांनी ताईचं खातं उघडून पाहिलं. तिचे लेख वाचायला नव्हे. लेखांच्या शेजारीच पाकिटाचं, म्हणजे शिल्लक दाखवणारं पान आहे, तिथे बोट आधी गेलं. एका चुलतभावानं फोन केला. "डॉलरमध्ये आहेत गो! वर्षश्राद्ध तरी हात आखडून करू नकोस." बँकेत ओळखीच्या बाईंनी 'बरं झालं हो, तुमची सोय झाली' असं म्हणत हात दाबला. मी काय बोलणार? त्या पैशांची चावी म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ. ती ताईच्या मोबाइलमध्ये होती आणि मोबाइल कसा उघडायचा हे ताईला ठाऊक होतं. दुरुस्तीवाला म्हणाला, उघडून देतो, पण आतलं सगळं पुसलं जाईल. त्यामुळे आता तो पैसा सगळ्या गावाला दिसतो आणि त्याला कोणालाच हात लावता येत नाही. हे मी चारचौघांना समजावून सांगितलं. चौघांनीही मान हलवली आणि एकाचाही विश्वास बसला नाही.

पैशाचं मी सोसलं असतं. मला भीती होती ती वहिनींची.

वहिनी म्हणजे आमच्या शेजारीण. नात्याच्या नव्हेत, पण ताईच्या आजारात नात्यातलं कोणी आलं नाही तेव्हा त्या येत होत्या. रोज दुपारी पेज घेऊन. ताईला दुसरं काही पचत नव्हतं. वहिनी तिच्या उशाशी बसत, चमच्याचमच्यानं भरवत आणि तोंडानं बोलत राहत. त्याच दुखण्यानं कोण कोण गेलं, नाटे गावची त्यांची मावससासू कशी गेली, शेवटी तिला पाणीसुद्धा कसं उतरेना. त्या गेल्या की ताई पोट धरून हसायची, दुखत असतानाही. आणि एके दिवशी तिनं त्यावर लिहिलं. मला वाचून दाखवलं. पेज गरम असते आणि बातमी त्याहून गरम, असं काहीसं होतं. नाव अर्थातच नव्हतं. जगभरच्या मराठी वाचकांना तो लेख फार आवडला. ताईच्या सगळ्या लेखांत त्याखालचा आकडा मोठा होता.

वहिनींची सून सभेला होती. लेख तिनंच शोधला आणि सासूला मोठ्यानं वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आल्या. बसल्या नाहीत.

"काय गो, तूही ऐकलं होतंस ना ते, तिनं लिहिलं तेव्हा?"

"ऐकलं होतं."

"हसलीस?"

"हसले, वहिनी."

"हसायला माझी ना नाही. मी बोलते तशी, मला ठाऊक आहे. पण खाली आकडा आहे. सुनेनं रुपये करून सांगितले. माझ्या पेजेला एवढा भाव येतो हे मला मेलीला माहीत नव्हतं. मी आपली फुकट घालत होते."

मी नाण्याचा भाव सांगायला लागले. तो नंतर पडला, दिसतं तेवढं आता त्यात राहिलेलं नाही, आणि जे आहे ते मलाही काढता येत नाही. बोलता बोलताच कळलं की मी वकिलासारखी बोलते आहे. मग मी म्हटलं, लेखाचा शेवट वाचा, तिनं लिहिलंय, ही बाई आली नाही तर माझी दुपार सरत नाही.

"वाचला. झणझणीत आमटी पाजून वर सोलकढी दिलीय." त्या उंबऱ्याकडे वळल्या, पुन्हा थांबल्या. "वाटा मागायला नाही आले हां मी. तसं समजू नकोस. एवढंच कर, ते काढून टाक तिथनं."

"काढता येत नाही."

"तुझ्याकडे चावी नाही म्हणून?"

"चावी असती तरी नाही. वरून बदलता येतं. पण खाली पहिलं लिहिलेलं राहतंच."

"मग मी मेले तरी ते राहणार?"

"राहणार."

त्या माध्यमावर ज्यांचं चालतं असं वाटलं अशा लोकांनाही मी लिहून पाहिलं होतं. सौजन्याने उत्तर आलं की इथे कोणाचंच चालत नाही आणि तेच या व्यवस्थेचं मोठेपण आहे. कोणीही काही पुसू शकत नाही म्हणून सगळे एकमेकांवर विश्वास ठेवू शकतात. मी ते उत्तर पुष्कळदा वाचलं. त्यात चूक कुठे आहे हे मला अजून दाखवता येत नाही. फक्त ज्या विश्वासावर वहिनी आमच्या घरात मोकळेपणी बोलत होत्या, तो त्या माध्यमवाल्यांच्या गणितात कुठे धरलेला नाही.

वहिनींनी संबंध तोडले नाहीत. तोडले असते तर ते मी सोसलं असतं असं आता वाटतं. त्या अजूनही येतात. मला ताप आला तेव्हा पेजही आणली. मी मुद्दाम विचारलं, नाट्याला काय म्हणतात सगळे? कोणाचं लग्न, कोणाचं भांडण?

"बरे आहेत," त्या म्हणाल्या.

मी पेज घेत होते. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून, परक्या घरी बसावं तशा. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "आज ऊन फार आहे, नाही?"

"हो," मी म्हटलं.

मग पेज संपेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत.