सुतळीचा नंबर

आमच्या दिवाणखान्यात एक निळी टोपी लटकते. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तिच्याबद्दल माझं अभिनंदन केलं आहे आणि मी ते हसून घेतलं आहे. ती टोपी माझी नव्हे. आता सदुसष्टाव्या वर्षी, सौदीतल्या जुबैलमधला आमचा मुक्काम संपत आला असताना, हे लिहून ठेवणं भाग आहे.

बेसबॉल हा काही माझा खेळ नव्हता. नाशिकला कॉलेजात मी क्रिकेट खेळायचो, तेही बहुतेक बारावा म्हणून. नोकरीसाठी जुबैलच्या प्लांटमध्ये आलो तेव्हा विभागाचा साहेब अमेरिकन होता, आणि त्याच्या गावाकडे बेसबॉलचा एक संघ होता जो सदैव हरायचा. हरणाऱ्या संघाच्या माणसाला आशा ठेवायला एकच जागा असते, ती म्हणजे खालची पोरं. तिकडे प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली लहान गावांतले संघ असतात. त्याला मायनर लीग म्हणतात. अठरा-वीस वर्षांची पोरं तिथे बसने गावोगाव फिरतात, खेळतात, आणि त्यांतली मोजकीच वर पोचतात. कोण पोचेल हे आधी ओळखणं हा साहेबाचा छंद होता. दर हिवाळ्यात तो पंधरा पोरांची क्रमवारी लावायचा आणि आम्हालाही लावायला लावायचा.

तो निवृत्त होऊन गावी गेला तरी खेळ सुटला नाही. आपापली यादी मेलने साहेबाला पाठवायची, ठरल्या दिवशी तो सगळ्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर एकदम उघडणार, आणि दोन हंगामांनंतर कोण वर गेलं ते पाहून विजेता ठरवणार. बक्षीस म्हणजे संघाची टोपी. गटात प्लांटमधले काही जुने सहकारी होते आणि हुफूफचा माझा एक मित्र होता. मूळचा दापोलीचा, हुफूफला एसीच्या सुट्या भागांचा त्याचा व्यापार. महिन्यातून एखाद्या शुक्रवारी तो खजूर घेऊन आमच्याकडे जेवायला यायचा.

मी हे काम नेटाने करायचो. आकडे काढायचो, तक्ते करायचो, दहा वर्षांपूर्वी अशाच आकड्यांच्या पोरांचं पुढे काय झालं ते शोधायचो. सामने तिकडे संध्याकाळी, म्हणजे आमच्या झोपेच्या वेळी, म्हणून सुट्टीच्या दिवशी नाश्ता झाला की मी त्यांची रेकॉर्डिंग लावून बसायचो. बायको समोर मेथी निवडत असायची.

एकदा ती मान वर न करता म्हणाली, "हा नाही टिकायचा."

मी म्हणालो, "तो सगळ्यांच्या यादीत दुसरा आहे."

"असू दे. वळताना टाच टेकतो. वर्षभरात गुडघा जाईल."

गुडघा नाही गेला, घोटा गेला. मी हे गंमत म्हणून गटावर सांगितलं आणि तिथेच फसलो. साहेबाने लगेच लिहिलं, मॅडमची यादी हवी. पुढच्या हिवाळ्यात तिने यादी दिली आणि ती जिंकली. त्याच्या पुढच्या वर्षीही तीच. तिला पोरांची नावं उच्चारता यायची नाहीत, म्हणून ती त्यांना आपली नावं द्यायची: बगळा, भोपळा, घाईची गाडी. साहेबाला मी ती नावं इंग्रजीत समजावून सांगितली. तो तिकडे मित्रांना सांगत सुटला की सौदीतली एक भारतीय बाई आमच्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, बगळा म्हणते.

टोपी घालून ती संध्याकाळी कॉर्निशवर फिरायला यायची, समुद्राच्या कडेने. ओळखीच्या बायका थांबवून विचारायच्या आणि ती सांगायची. मी दोन पावलं मागे. मी गटावर पानभर विश्लेषण टाकलं की खाली एक अंगठा उमटायचा, तोही उपचाराचा. ती म्हणाली "भोपळ्याचं मन नाही खेळात", की तीन दिवस चर्चा. मत्सर हा शब्द मी तेव्हा मनातसुद्धा वापरला नसता. मी म्हणायचो, तिच्याकडे पद्धत नाही.

खरी सुई वेगळीच टोचली होती. जेवताना हुफूफच्या मित्राने तिला विचारलं, "वहिनी, यांचे आकडे राहू द्या बाजूला. हे पाय बघायचं कुठे शिकलात तुम्ही?"

ती म्हणाली, "खो-खो. शाळेत असताना राज्याच्या शिबिराला निवड झाली होती माझी. आमच्या बाई म्हणायच्या, पळणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघू नका, ते फसवतात. पाय फसवत नाहीत."

"मग राज्याकडून खेळलात?"

"नाही. त्याच उन्हाळ्यात लग्न ठरलं."

मित्राने माझ्याकडे बघून म्हटलं, "काय वो, तुम्ही खेळाडू उचलून आणलात की मैदानातून!" तो हसला, ती हसली. मीही हसलो. पण हे मी त्या जेवणाच्या टेबलावर पहिल्यांदा ऐकत होतो. इतक्या वर्षांत तिने मला सांगितलं नव्हतं, आणि ह्या माणसाला भाताचा दुसरा घास घ्यायच्या आत सांगितलं. नंतर मी तिला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत?"

त्या हिवाळ्यात ती यादी सांगत होती आणि मी टाईप करत होतो. तिची यादी नेहमी माझ्याच मेलवरून जायची. ती पोळ्या लाटत होती.

"एक नंबर सुतळी."

सुतळी म्हणजे वेनेझुएलाचा एक काटकुळा पोरगा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेत उभा राहायचा. बॅटने काही करत नव्हता. कोणाच्याही यादीत वरच्या दहांत त्याचं नाव नव्हतं, माझ्या यादीत तर मुळीच नव्हतं.

मी म्हणालो, "अगं, हसतील लोक."

"हसू देत. त्याचा चेंडूकडे निघायचा पहिला पाय बघा. चेंडू बॅटला लागायच्या आधी निघतो तो. हे शिकवून येत नाही."

मी तिच्या यादीत सुतळीला चौदावा टाकला. बाकी पोरं एकेक जागा वर सरकवली आणि मेल पाठवून दिली. पाठवताना मी स्वतःला सांगितलं की मी तिची फजिती टाळतो आहे. तसं नव्हतं. मला ती चुकायला हवी होती, आणि ती आपणहून चुकत नव्हती.

याद्या उघडल्या त्या दिवशी ती फोन घेऊन माझ्याजवळ आली. "अहो, सुतळी चौदावा कसा? मी पहिला सांगितला होता."

मी पेपरातून मान वर काढली नाही. "नाही गं. चौदावाच म्हणालीस. तुझं लक्ष पोळ्यांकडे होतं."

"पहिला म्हणाले मी."

"मी समोर बसून टाईप केलं. मला नाही का कळणार?"

तिने यादी पुन्हा वरपासून खाली वाचली. मग म्हणाली, "असेल."

मी तिथे थांबायला हवं होतं असं म्हणण्यातही अर्थ नाही. तिच्या आईचं शेवटी काय झालं होतं हे मला माहीत होतं. आई आठ-नऊ वर्षं हळूहळू सगळं विसरत गेली आणि अखेरीस मुलीला "कोण गं तू?" म्हणाली. सुरुवात कशी झाली होती तेही मला माहीत होतं. बाजारातून दोन किलो साखर आणायला सांगितली आणि नंतर आपण तूर डाळ सांगितली होती असा हट्ट धरून बसली होती.

त्यानंतर एकदा दूध उतू गेलं. बायको म्हणाली, "हल्ली माझं असंच होतं." एकदा किल्ली दाराला बाहेरच राहिली. ती म्हणाली, "त्या यादीपासूनच सुरू झालं बघा." मी म्हणालो, सगळ्यांचंच होतं. खरं ते सोडून मी बाकी सगळं म्हणालो.

पुढच्या वर्षी साहेबाने तिची यादी मागितली तेव्हा तिने कळवलं की आता नको. मला म्हणाली, "बघते एक आणि सांगते भलतंच. कशाला?" दोन हंगाम उलटले. सुतळी वर गेला, तो थेट मोठ्या संघात. कोणाच्याच यादीत तो वर नसल्याने त्याचे गुण कोणालाच फारसे मिळाले नाहीत, आणि बाकीच्या गुणांवर मी जिंकलो. टोपी आमच्या घरातच, तिच्या खुंटीवरून माझ्या खुंटीवर आली. सुतळीला मोठ्या मैदानावर पाहून ती म्हणाली, "काय निघतो हो! आणि ह्याला मी चौदावा म्हणाले. कमाल आहे माझी." कमाल हा शब्द तिने असा उच्चारला की मी उठून बाथरूममध्ये गेलो.

मागच्या वर्षी तिने स्वतःच डॉक्टरची वेळ घेतली. डॉक्टर केरळचे, सावकाश हिंदी बोलणारे. त्यांनी तिला वार विचारला, मागे मागे मोजायला लावलं, चित्र काढायला लावलं. सगळं तिने नीट केलं. मग त्यांनी विचारलं, "ये भूलना कब से है?"

ती म्हणाली, "तीन साल हुए." आणि तिने सुतळीची गोष्ट सांगितली. "मुझे पक्का याद था की मैंने पहिला बोला. लेकिन मैंने चौदहवाँ बोला था. इनके सामने."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो अशी.

त्यांनी ते लिहून घेतलं. आईचं दुखणंही लिहिलं. म्हणाले, आज तरी काही दिसत नाही, पण तक्रार जुनी आहे, घरात असा इतिहास आहे, तेव्हा मेंदूचा फोटो काढू आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. तिने पदर सारखा केला आणि विचारलं, "मैं घर में अकेली रह सकती हूँ ना? गॅस वगैरा?"

पार्किंगमध्ये मी गाडी सुरू केली आणि बंद केली.

"काय झालं?"

"तू पहिलाच म्हणाली होतीस," मी म्हणालो. "सुतळीला. मी बदललं."

ती समोरच्या काचेकडे बघत होती. "पहिला?"

"हो."

"एक नंबर सुतळी, असं?"

"असंच. पोळी लाटता लाटता."

ती हसली. मोठ्याने, अगदी मुलीसारखी. "म्हणजे मी बरोबर होते! आणि पोरगा वर गेला!" मला वाटलं सुटलो. मग ती वळली.

"आणि दूध?"

"दूध खरंच उतू गेलं होतं."

"किल्ली?"

"तूच विसरलीस."

"दिवाळीत मी जावेला दोनदा फोन केला म्हणालात ते?"

"ते खरं आहे."

"आणखी काय तुमचं आहे यात? सगळं सांगा. मला माझं वेगळं काढायचंय."

"एवढंच. यादी, आणि त्यानंतरचं खोटं."

"तीन वर्षं," ती म्हणाली. "मी रोज उठून आधी आईचं नाव आठवून बघते. मग मुलाचा वाढदिवस. मग चूळ भरते. माहीत आहे तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. तेही मी विचारलं नव्हतं.

"का केलंत?"

मी म्हणालो, "सगळे तुलाच विचारायचे."

तिने कपाळाला हात लावला. "अहो, सगळे मला विचारायचे आणि मी घरी येऊन तुम्हालाच सांगायचे ना?" मग तिने गाडीचं दार उघडलं. "चला. आत जाऊन त्यांना सांगा. त्यांच्या फाईलमध्ये माझ्या डोक्याविषयी तुमचं खोटं लिहिलंय."

दोन पेशंटांच्या मधे मी डॉक्टरांसमोर उभा राहून, इंजिनिअर माणूस, हिंदीत सांगितलं की बीबी का याददाश्त ठीक था, झूठ मेरा था. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे न बघता फाईल पुढे ओढली. तिला मात्र म्हणाले, फोटो तरीही काढू, आईमुळे. आणि ती ओळ खोडून, वर काही लिहून, तिला दाखवली. तिने चष्मा लावून वाचली.

गटावर मी इंग्रजीत सगळं लिहिलं. साहेबाने नोंद दुरुस्त केली एवढंच कळवलं. हुफूफच्या मित्राचा फोन आला. मला म्हणाला, "वहिनींना द्या." दिला. पुढच्या शुक्रवारी तो आला, जेवला, खजूर ठेवून गेला. माझ्याशी हवेपाण्याचं बोलला. अजून तसंच आहे, आणि मी तक्रार करत नाही.

मेंदूचा फोटो स्वच्छ आला. टोपी मी तिच्या खुंटीवर लावली होती. तिने ती काढून पुन्हा माझ्याच खुंटीवर ठेवली. "राहू दे तिथेच," म्हणाली. "लोकांनी विचारलं की सांगत जा." तेव्हापासून सांगतो. दोघांना सांगून झालं. तिसऱ्याला सांगताना मधेच उठून चहा टाकायला गेलो.

ह्या हिवाळ्यात तिने यादी स्वतःच्या फोनवरून पाठवली, एका बोटाने टाईप करून. दोन दिवस लागले. स्वयंपाकघराचं दार लोटून बसली होती. आतून मित्राशी फोनवरचं हसणं ऐकू येत होतं आणि मी बाहेर माझा तक्ता उघडून बसलो होतो. लिहायचं तर हेही खरं लिहितो. छातीत तेच जुनं काहीतरी पुन्हा वर आलं. वय झालं, कबूल केलं, तरी ते गेलेलं नाही.

सकाळी मी विचारलं, "पहिला कोण टाकलास?"

"याद्या उघडतील तेव्हा बघा."

ती टेबलावर, सोफ्यावर, फ्रिजवर काहीतरी चाचपत होती. मी म्हणालो, "काय हवंय?"

"चष्मा. कुठे ठेवला आठवत नाहीये." मग थांबून, जवळजवळ आनंदाने म्हणाली, "हे माझं हं. हे तुमचं नाही."

मी शोधायला उठलो.

"बसा तुम्ही," ती म्हणाली. "मला सापडेल."